दातांची खूण

बिल्ला हातात पडताच तैसिया येगोरोव्नानं तो आधी उलटा केला. मागे आकडा होता, सत्तावीस. तिच्या मुलाच्या, ग्लेबच्या, सदऱ्याच्या खिशावर शिवलेला होता तोच.

"सापडला हो," ती म्हणाली. जुन्या बिल्ल्यांचा पारखी रोदिऑन ल्वोविच, त्यानं चपळाईनं तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

क्रोनस्टाटच्या खलाशी क्लबात दर रविवारी सकाळी आरमारी पदकं आणि बिल्ले जमवणाऱ्यांचा बाजार भरतो. अकरा वर्षं ही बाई तिथं टेबलाटेबलापाशी वाकून बिल्ले उलटे करत आली होती. ग्लेबचं सुरुंग काढणारं जहाज बुडालं, चाळीस जण गेले. एक्केचाळिसावा ग्लेब. तो शेवटच्या बंदरातच पळाला, असं आरमाराचं म्हणणं. चर्चमधल्या संगमरवरी पाटीवर चाळीस नावं कोरली, त्याचं वगळून. तिच्या इमारतीच्या जिन्यातल्या बायका तिला तोंडावर पळपुट्याची आई म्हणत. नवरा तेच ऐकत ऐकत खंगून गेला.

तिला आशा होती ती या कथलाच्या तुकड्याची. ते शेवटचं बंदर सोडल्याच्या चौथ्या दिवशी, भर समुद्रात, जहाजाला वीस वर्षं पुरी झाली. त्या दिवसासाठी कप्तानानं एक्केचाळीस बिल्ले ओतून घेतले होते, मागे ज्याचा त्याचा आकडा. आणि बिल्ला मिळाला की तो धुवायचा, ही खलाशांची रीत. व्होडकाच्या पेल्यात टाकायचा, पेला एका दमात रिकामा करायचा, आणि तळाचा बिल्ला दातांत धरून सगळ्यांना दाखवायचा. कथील मऊ, दात उमटतातच. बुडालेलं जहाज वर काढल्यावर एकेक बिल्ला बाजारात आला, तसे रोदिऑननं तेवीस तपासले. तेवीसच्या तेवीस चावलेले.

सत्तावीसवर दात दिसले, की ग्लेब तेव्हा जहाजावर होता. रोदिऑनच्या दाखल्याला आरमाराच्या कचेरीत मान होता. त्यानं लिहून दिलं की नाव पाटीवर चढणार.

"बघा ना," ती म्हणाली. "माझे डोळे भरून येतायत."

रोदिऑननं भिंग डोळ्याला लावलं. बिल्ला खिडकीकडे धरला, आडवा केला, पुन्हा उलटला. फार वेळ लावला त्यानं.

शेजारच्या टेबलावर बिल्ले विकणाऱ्या वेन्याला राहवलं नाही. "मावशी, नशीब काढलंत. कप्तानाच्या पेटीतून, तेलकट कागदात गुंडाळलेला निघाला. एक ओरखडा नाही बघा. इतका कोरा माल मी जन्मात पाहिला नाही."

"वेन्या, तोंड आवर," रोदिऑन म्हणाला.

पण ती समजून चुकली होती. अकरा वर्षांत तिला कुणापेक्षा कमी कळत नव्हतं. कोरा म्हणजे न दिलेला.

"आजारी असेल," ती म्हणाली. "खाली झोपून असेल. त्याचं डोकं दुखायचं नेहमी."

"तैसिया येगोरोव्ना, आजाऱ्यालाही उठवतात हो. पेला त्याच्या तोंडाला लावतात."

"नीट बघा. एखादी बारीकशी खूण. तुमच्या पाया पडते. मी उद्या मेले तर त्याच्यासाठी भांडणारं कुणी नाही."

चाळीस वर्षांत रोदिऑननं साध्या बटणाबद्दलही खोटा शब्द लिहिला नव्हता. त्यानं भिंग टेबलावर ठेवलं आणि बिल्ला तिच्या तळहातावर ठेवून तिची मूठ मिटली.

"माझी नजर आता पूर्वीची राहिली नाही," तो हळूच म्हणाला. "मी चहा घेऊन येतो. आल्यावर जे दिसेल ते लिहीन."

तो गेला. वेन्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होता, इकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं बिल्ला तोंडात धरला. तिचे वरचे दोन दात पोलादी होते, कारखान्याच्या दवाखान्यात बसवलेले. एकदा जोरानं दाबायचं, बस. मग पाटीवर एक्केचाळीस नावं होतील, जिन्यातल्या बाया तोंडं मिटतील, नवऱ्याच्या थडग्यावर जाऊन सांगता येईल.

जीभ कथलाला लागली. गार होतं. तिनं डोळे मिटले आणि जबडा आवळायला घेतला, तोच तिच्या मनात साधा हिशोब उभा राहिला. बिल्ले वाटले चौथ्या दिवशी. जहाज बुडालं नवव्या दिवशी. मधे कुठलं बंदर नव्हतं. चौथ्या दिवशी जो जहाजावरच नव्हता, तो नवव्या दिवशी बुडणार कुठून?

अकरा वर्षं ती दात शोधत होती. ही गोष्ट तिच्या डोक्यातच आली नव्हती, आता काय म्हणावं.

रोदिऑन दोन पेले घेऊन आला. तिनं बिल्ला रुमालाच्या टोकानं कोरडा पुसला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्यानं भिंग उचललं, बिल्ल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"काही नाही," तो म्हणाला.

"नीट बघा." ती टेबलावर ओणवी झाली. "नक्की नाही ना? एकही दात नाही ना?"

"एकही नाही."

तिनं बिल्ला परत घेतला, दोन्ही हातांत गच्च धरला, आणि चहा निवेपर्यंत तशीच बसून राहिली. मग त्या सत्तावीस आकड्याकडे बघून म्हणाली, "कार्ट्या, आईला दोन ओळी लिहायला हात मोडले होते का रे तुझे?"