दोरीचं वरचं टोक

म्हाताऱ्या पाणबुड्याने उभी हयात बंदराच्या काळ्याशार पाण्यात बोटींच्या बुडाची डागडुजी केली, पण कधी डगमगला नाही. आता मात्र खाटेवर पडल्या पडल्या त्याला धास्ती वाटायची. प्रार्थना सुरू केली की शब्द अर्ध्यातच निसटायचे. काल तर प्रभूचं नावच त्याला घटकाभर आठवेना.

"शेवटपर्यंत विश्वासात टिकायला हवं ना रे?" उशाशी बसलेल्या दोस्ताचं मनगट त्याने घट्ट धरलं. "ऐन वेळी जीभ लुळी पडली, प्रभूने हाक मारली आणि मला ओ देता आली नाही, तर? सगळं पाण्यात गेलं की!"

हा दोस्त म्हणजे त्याचा दोरीवाला. पाणबुड्याच्या कमरेच्या दोरीचं दुसरं टोक वर, बोटीत, याच्या हातात असायचं. हा वरून हिसका द्यायचा आणि तो खालून उलट हिसका देऊन 'ठीक आहे' म्हणून कळवायचा.

दोरीवाल्याने मनगटावरची ती बोटं हातात घेतली आणि हलकेच हिसका दिला. उलट हिसका आला, अगदी क्षीण. दुपारभर दोघांचं हेच चाललं होतं.

संध्याकाळी दोरीवाल्याने हिसका दिला. पुन्हा दिला. उत्तर आलं नाही.

 

तो त्याच्या कानाशी वाकला. "वेड्या, उगाच घाबरलास. खालून उत्तर आलं नाही, की मी काय करायचो? वर ओढून घ्यायचो ना!"