लाईट घालवायच्या आधी

तार आणि टाकी यांच्यात हातभर अंतर राहिलं तेव्हा टाकीवर उभ्या क्लीनर पुंडलिकनं वरून हात हलवला. मल्हारीनं ब्रेक दाबला. ट्रेलर करकरत थांबला.

वाळूजला बनलेली ती लोखंडी टाकी दुमजली घराएवढी उंच होती. गावातला रस्ता तिनं पुरता भरून टाकला होता. वाळूजहून निघाल्याला तिसरा दिवस होता. गाडी माणसाच्या चालीनं चालायची, उजेड असेपर्यंतच चालायची, आणि दर गावात तारा आडव्या यायच्या. मग गावचा लाईनमन लाईट बंद करायचा, पुंडलिक टाकीवर उभा राहून बांबूनं तारा उचलायचा आणि मल्हारी खालून गाडी काढायचा.

लाईनमनला सांगायचं काम ड्रायव्हरचं. या खेपेला निघतानाच मल्हारीनं ते पुंडलिकला देऊन टाकलं होतं.

"गोकुळभाऊ, घालवा लाईट!" पुंडलिक वरून ओरडला. "दिवस बुडायच्या आत पुढचा ढाबा गाठायचाय."

मागं गाड्यांची रांग पार पुलापर्यंत गेली होती. हॉर्न थांबत नव्हते. पानटपरीवरचा एकजण म्हणाला, "ड्रायवर, गाव जरा बाजूला सरकवू का तुझ्यासाठी?" सगळे हसले. मल्हारीला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. त्यानं कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं.

लाईनमन गोकुळ लाईट बंद करायला डीपीकडं निघाला तेवढ्यात समोरच्या घरातून एक म्हातारी धावत आली. तिनं गाडीच्या दारावर दोन्ही हात आपटले.

"दादा, लाईट नको घालवू! आमच्या मालकाला श्वासाचं मशीन लावलंय. लाईटीवर चालतंय ते."

"आवडामावशी, अर्ध्या तासाचा तर प्रश्न हाय," गोकुळ म्हणाला. "तवर सिलिंडर लावा."

"सिलिंडर संपलाय रे. सून गेली व्हती सिल्लोडला भरून आणाया. आली बी माघारी, पर ह्या टाकीच्या मागं अडकलीय. आत्ताच फोन केला तिनं."

गोकुळ डीपीच्या वाटेतच थांबला. गाडी हलल्याशिवाय सून येणार नव्हती. लाईट गेल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. आणि लाईट गेली तर घरातल्या माणसाचा श्वास अडकणार होता.

"मावशी, पाच-दहा मिनिटांत काढतो गाडी," पुंडलिक वरून म्हणाला. "तेवढा दम निघतोय माणसाचा."

मल्हारीनं इंजिन बंद केलं. ते ऐकून मागचे हॉर्न दुप्पट झाले. तो दार उघडून खाली उतरला.

"आरं, कुठं चाललास?" पुंडलिकनं वरून विचारलं.

"सिलिंडर आणाया."

टाकी आणि दुकानांच्या पायऱ्या यांच्यातून अंग चोरत तो मागं गेला. ऊन डोक्यावर होतं. तीन दिवस बसून पाय सुजले होते. रांगेतून चालताना लोकांनी त्याला ओळखलं. "हाच तो! ए बाबा, लग्नाला चाललोय आम्ही, बारशाला पोचू आता!" कुणी त्याच्या आईवरून बोललं. तो प्रत्येक गाडीत डोकावत पुढं जात राहिला.

पुलाजवळ एका काळी-पिवळीत ती बसली होती. पायाशी सिलिंडर होता.

"आवडाबाईची सून का?"

"व्हय. शालू. कोण तुम्ही?"

"टाकीचा ड्रायवर. चला, मी घेतो."

"लई जड हाय, भाऊ. मघापासनं सगळ्यांना म्हणतेय, कुणी उचलू लागंना."

त्यानं सिलिंडर खांद्यावर घेतला. परतताना दोनदा खाली ठेवावा लागला. शिव्या देणाऱ्यांतल्याच एकानं दुसऱ्यांदा तो उचलून त्याच्या खांद्यावर ठेवला, आणि मग कुणी काही बोललं नाही.

घरात आवडाबाईचे मालक काकासाहेब खाटेवर बसल्यासारखे निजले होते. नाकाला नळी होती. शालूनं सिलिंडरची चावी फिरवली, नळी बदलली. म्हाताऱ्याची छाती सावकाश वरखाली होत राहिली. त्यांनी मल्हारीकडं बघून बोट हलवलं. आवडाबाई चहाचं म्हणाली, पण मल्हारीचं लक्ष नव्हतं. तो कोपऱ्यातल्या मशीनकडं बघत होता. ते अजून घुमत होतं. चालू मशीनचा आवाज कसा असतो हे त्याला आज कळत होतं.

बाहेर आल्यावर गोकुळ त्याच्याबरोबर गाडीपर्यंत चालत आला.

"दादा, हितनं लई गाड्या काढल्या मी. असा ड्रायवर नाय पाह्यला. तुमच्या घरी कुणाला लागत व्हतं का मशीन?"

"मंडळीला," मल्हारी म्हणाला. "मी खेपेवर असतानाच आणलं तिनं. मला फोनवर बोलली नाय, उगं घोर लागंल म्हणून."

"मग?"

"लाईट गेली. भर दुपारची."

गोकुळनं मान हलवली. "आमच्या माणसांचं चुकलंच. न सांगता घालवायची नस्ती लाईट. कोण व्हता लाईनमन?"

मल्हारी गाडीत चढला. किल्ली फिरवली. इंजिन धडधडायला लागलं.

"त्याचं काय चुकलं?" तो म्हणाला. "आमच्याच गावातनं टाकी काढायची व्हती. घालवा लाईट म्हणून मीच वरडलो."