चाळणीभर पिठीसाखर

सगुणानं चाळणीतली उरलीसुरली पिठीसाखर मधपेटीतल्या माश्यांवर भुरभुरली. माश्यांना गोचिडासारखा चिकटलेला तांबडा कोळी साखरेनं निसटून खाली पडतो, एवढाच उपाय आता तिच्या हाती होता. सातातल्या सहा पेट्या ओस पडल्या होत्या. सातवीच्या तोंडाशी चुरगळल्या पंखांच्या कोवळ्या माश्या मातीत सरपटत होत्या.

वैशाखात रानात फूल नव्हतं, म्हणून परक्या माश्या तिच्या दुबळ्या पेटीतला मध लुटायला घुसत होत्या. आज त्या साखरेनं पांढऱ्या होऊन बाहेर पडल्या, आणि त्या कुठं जातात ते सगुणाला पहिल्यांदाच दिसलं. बांध ओलांडून, थोरल्या जावेच्या पेट्यांकडं. म्हणजे कोळीही तिकडंच चालला होता.

वाटणी झाल्यापासून तीन वर्षं दोघींनी बोलणं टाकलं होतं. पडू देत तिच्याही पेट्या ओस, असं सगुणाच्या मनात येऊन गेलं. पण पायाशी सरपटणाऱ्या माश्या बघवेनात. चाळणी टाकून ती बांधाकडं धावली.

"आक्का, पेट्यांची दारं लावा! माझ्या माश्यांत कोळी झालाय, तुमच्याकडं येतोय!"

जाऊ पेट्यांपुढं उकिडवी बसली होती. ती सावकाश वळली. तिच्याही हातात चाळणी होती, आणि हात कोपरापर्यंत पांढरे.

"माझ्यात म्हैन्यापासनं हाय," ती म्हणाली. "माझ्याकडनंच तुझ्याकडं आला आसंल. पर तुला सांगायचं, तर आधी बोलावं लागलं असतं."