माफीपत्र

क्लाउडची चाचणी घेणारं नवं टूल बसवायला बंगळूरच्या बड्या ग्राहकानं मधुवंतीला पाठवलं, ते नेमकं त्याला क्लाउड पुरवणाऱ्या, कोप्पीकर रोडवरच्या कट्टीसरांच्या ऑफिसात. चार वर्षांपूर्वी ती इथंच कामाला होती. "सर, ग्राहकांना दोन सर्व्हर सांगता, पण दुसरा आहेच कुठं?" एवढंच तिनं विचारलं, आणि कट्टींनी सगळ्यांदेखत तिला खोटारडी ठरवून घरी बसवलं. माफीपत्र लिहून घेतल्याशिवाय अनुभवाचा दाखलासुद्धा दिला नाही.

आज तेच कट्टी तिच्यासाठी स्वतः खुर्ची ओढत होते. "आधी चहा घ्या, अक्का."

चहाला हातही न लावता तिनं टूल बसवलं, निकाल थेट बंगळूरला जाईल अशी सोय केली आणि मगच मान वर केली.

"आता हे काय करणार?" कट्टींनी विचारलं.

"पहिला सर्व्हर मुद्दाम बंद पाडणार. दुसऱ्यानं आपोआप काम उचललं, की तुम्ही पास."

कट्टींच्या तोंडचं पाणी पळालं. "ब्याड अक्का, ब्याड! नको, एंटर दाबू नका. तुम्हाला तर सगळं ठाऊकच आहे!"

मधुवंतीनं पर्समधून माफीपत्राची चार वर्षं जपलेली झेरॉक्स काढली आणि सावकाश वाचली, "'दुसरा सर्व्हर आहे. माझ्याच पाहण्यात चूक झाली.' शब्द तुमचे आहेत, सर. मी खोटं कसं म्हणू?"

आणि तिनं एंटर दाबलं.