लताबाईची बाटली

स्कूटरचा आवाज आला आणि लताबाईने पदर सारखा केला. मल्हारीने ते पाहिलं आणि मान फिरवली.

गुरुवार होता. दर गुरुवारी रंगनाथ सर यायचे. ब्याऐंशी सालच्या त्या हिवाळ्यात विद्यापीठाने नासर्डी नदी वाचवायचं काम हाती घेतलं होतं आणि नदीकाठच्या वस्त्यांनाच सोबत जोडलं होतं. प्रत्येक वस्तीतल्या एका बाईने नदीच्या पाण्याची बाटली भरून ठेवायची आणि सरांनी ती तपासायला न्यायची. या वस्तीने लताबाईला निवडलं, कारण ती सातवी शिकलेली. मल्हारीने शाळेला चौथीतच रामराम ठोकला होता. आता तो एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशावर होता.

"मल्हारीच्या घरात बाटली शिरली रे, पण बायकोची!" शेजारचा झिपरू सांगत सुटला होता. चारचौघांत मल्हारीलाही हसावं लागायचं.

"बसा सर. चहा टाकू?" लताबाईने विचारलं.

"चहा नको. तुमच्या विहिरीचं पाणी द्या."

हेच मल्हारीच्या डोक्यात जायचं. ब्राह्मणाघरचा तरणाबांड माणूस खुशाल ओट्यावर मांडी घालून बसायचा, तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायचा आणि लताबाईचा चेहरा उजळून निघायचा. लग्न झाल्यापासून मल्हारीही तिच्याच हातचं पाणी पीत आला होता. त्याच्यासाठी तो चेहरा असा कधी उजळला नव्हता.

वस्तीची विहीर आधीच्या पिढीने स्वतः खणलेली. खणणाऱ्यांत मल्हारीचा बापही होता. त्याआधी दुसऱ्यांच्या विहिरीपाशी ओंजळ धरून उभं राहायचं आणि कुणी वरून पाणी ओततंय का, याची वाट बघायची. सरांनी एकदा सहज विचारलं, "नदीला लागूनच आहे, तर विहिरीचीही एक बाटली नेऊ का?" म्हणूनच मल्हारी उसळला.

"आधी आमचा विटाळ व्हायचा, आता आमच्या पाण्यात खोट काढता का? नदी तपासायला आलात ना, नदी तपासा!"

वस्तीतल्या म्हाताऱ्यांनीही माना डोलावल्या. सर ओशाळले आणि त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. लताबाईने मात्र नवऱ्याशी अबोला धरला. विहिरीपेक्षा त्याला तोच जास्त झोंबला.

अबोला संपला तरी तिच्या तोंडी एकच जप. भाकरी वाढताना 'सर म्हणतात', भांडी घासताना 'सर म्हणतात'. धाकट्या चिंगीचं पोट पुन्हा बिघडलं, तर म्हणाली, "सरांना विचारून बघू का? त्यांच्या ओळखीचे डॉक्टर असतील."

"पेरू खाऊन बिघडलंय. त्याला सर कशाला लागतात?" मल्हारी खेकसला. चिंगी भिंतीकडे तोंड करून पोट धरून पडून राहिली.

त्याला रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. आपण हिच्यापुढे फिके पडलो, ही आता आपल्याकडे पूर्वीसारखी बघणार नाही, हे त्याला आतून खात होतं. विचार करता करता त्याला एक गोष्ट सुचली. नदी घाण आहे म्हणून सर येतात. इथलं पाणी चांगलं निघालं, तर त्यांचं इथे काय काम? जातील दुसऱ्या वस्तीत.

पुढच्या गुरुवारी त्याची दुपारची पाळी होती. लताबाईने सकाळीच बाटली भरून आणली, तोंडाला फडकं बांधून कोनाड्यात ठेवली आणि चिंगीला न्हाऊ घालायला ती मागे गेली. मल्हारीने बाटली उचलली, फडकं सोडलं आणि पाणी दारच्या पपईच्या बुंध्याशी ओतून टाकलं. लताबाई परत आली तेव्हा बाटली कोनाड्यात होती, भरलेली, फडकं नीट बांधलेलं. पुढच्या गुरुवारीही त्याने तेच केलं. सर बाटली उजेडात धरून म्हणाले, "वा! पाणी अगदी काचेसारखं आहे." मल्हारीला बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

मग एका सोमवारीच स्कूटर आली. सरांचा चेहरा उतरलेला होता. वस्ती ओट्याभोवती जमली.

"लताबाई, तुमच्या बाटल्यांइतकं वाईट पाणी सगळ्या नदीत कुठे सापडलं नाही," सर म्हणाले. "दिसायला नितळ आणि आत टायफॉइड, कावीळ, काय म्हणाल ते. लहान पोरांच्या तर जिवावर बेतेल. नशीब, नदीचं पाणी कुणी पीत नाही. आता मला इथे रोज यावं लागणार."

झिपरूने मल्हारीकडे बघून डोळा मारला. 'रोज' ऐकूनच गड्याचा चेहरा पांढराफटक पडला, असंच सगळ्यांना वाटलं.

लताबाईने आतून तांब्या आणला. सरांनी तो तोंडाला लावायला उचलला, तेवढ्यात मल्हारीने पुढे होऊन हाताच्या फटक्याने तो उडवला. तांब्या ओट्यावरून घरंगळत खाली गेला. सरांचा सदरा भिजला.

"इतकं जळता होय?" लताबाई म्हणाली. "दारी आलेल्या माणसाचं पाणी तोडलंत? आपल्या घरात? तुमच्या बापानं विहीर काय याच्यासाठी खणली?"

चिंगीने तांब्या उचलला. तळाशी उरलेलं पाणी ती तोंडाला लावणार, तोच मल्हारीने झडप घालून तो हिसकावला आणि पोरीला पोटाशी धरून तो मटकन खाली बसला.

"लता, पोरीला पाणी देऊ नको," तो म्हणाला. "त्या बाटल्या मी भरल्या होत्या. आपल्या विहिरीच्या पाण्यानं."