तीन तास बाकावर

साहेब, तुम्ही कस्तुराला तपासलंच नाही. माणसाच्या गुदद्वाराला एक गोल स्नायू असतो. तुमचा शाबूत आहे म्हणून तुम्ही सकाळपासून खुर्चीत बसू शकता. कस्तुराचा बाळंतपणात फाटला आणि कुणी तो नीट शिवलाही नाही. तेव्हापासून तिला शौच धरून ठेवता येत नाही. मजुरीला नेणाऱ्या पिकअपमध्ये बाया तिला शेजारी बसू देत नाहीत, त्यामुळे काम सुटलं. अपंगत्वाचा दाखला मिळाला तर निदान पेन्शन लागेल, म्हणून ती सातपुड्यातून दोन एसटी बदलून धुळ्याच्या शिबिराला आली.

तुम्ही हातमोजेसुद्धा घातले नाहीत. म्हणालात, "बस त्या बाकावर. खरं असेल तर दिसेलच आम्हाला."

ती तीन तास बसली. येणारेजाणारे तिच्या लुगड्याकडे बघत राहिले. लुगडं स्वच्छच राहिलं. तुम्ही शेजारच्या डॉक्टरला हसून म्हणालात, "माझ्यापेक्षा हिचा कंट्रोल चांगला आहे," आणि कागदावर 'अपात्र' असा शेरा मारलात.

तिचा नवरा चैत्राम तो कागद हातात धरून तुमच्या टेबलापुढं उभाच राहिला. त्यानं विचारलं ते तुम्ही ऐकलंत, आणि पुढच्या नंबरला हाक मारलीत. म्हणून त्यांच्यासोबत गावाहून आलेला मी परत विचारतो, त्याच्याच शब्दांत.



"साहेब, एसटीमा फजिती व्हई म्हनीसन दोन दिनपाईन इन्ही काहीच खादं नही. पुढना खेपले जेवाडीसन आनू का? सांगा."