नावेतला दिवा

दुरुस्तीवालीनं काच काढली, चौकट काढली, मागचा पुठ्ठा हलक्या हातानं सोडवला आणि उघडं पडलेलं चित्र टेबलावर ठेवून ती म्हणाली, "आजी, तुम्ही हो म्हटलंत की पाण्यात सोडते."

टेबलापाशी दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, नणंद आणि भावजय. हो म्हणायचं होतं भावजयीनं, कारण चित्र तिच्या नवऱ्याचं. पण ती नुसती चित्राकडे बघत राहिली.

चित्र जुनं, दगडावरून छापलेलं. रुंद नदी, काठाजवळ नाव, नावेत दिवा आणि काठावर कपाळाशी आडवा हात धरून उभी असलेली बाई. नवऱ्यानं जायच्या आधी आपली सगळी जुनी चित्रं या ग्रंथालयाला देऊन टाकली, त्यात हेही आलं. मागच्या पुठ्ठ्यानं कागद खात आणला होता. धुतला नाही तर एक दिवस हातात भुगा येईल, असं इथून कळवलं होतं. फक्त घरच्यांचा होकार हवा. ती आज-उद्या करत राहिली. शेवटी नणंदेनं, म्हणजे चिमाताईंनी, तिला जवळजवळ ओढतच आणलं. त्यावरून वाटेत दोघींची जुंपली आणि आल्यापासून अबोला होता.

खोलीत खळीचा वास होता. भिंतीलगत पाठी मोडलेली पुस्तकं पांढऱ्या फितीनं बांधून ठेवली होती, दवाखान्यात आपला नंबर लागायची वाट बघणाऱ्यांसारखी.

हे चित्र तिच्या घरात जेवायच्या टेबलासमोर टांगलेलं असायचं. नवरा म्हणायचा, सकाळ आहे. नाव निघालीय, रात्रीचा दिवा विझवायचा राहून गेलाय, बाई निरोप देतेय. ती म्हणायची, डोळे तपासून घ्या. एवढं पिवळं आभाळ सकाळी कुठून येणार? दिवा आत्ता लावलाय, नाव परत येतेय आणि बाई बिचारी वाट बघून बघून कंटाळलीय. पाहुण्यांनाही जेवायच्या आधी पक्ष घ्यावा लागे. मुलं बापाच्या बाजूची. पण ताटात काय पडतंय ते बघून फितूर व्हायची.

आणि घरात अबोला धरला गेला, की तो मोडायची रीतही हीच. दोन-दोन दिवस तोंडं फुगलेली असायची. मग जेवता जेवता मान वर करून तो चित्राला सांगायचा, "सकाळ आहे." ती भाजी वाढता वाढता म्हणायची, "संध्याकाळ." झालं, मिटलं. माफी कुणी कधी मागितली नाही.

"भीती वाटतेय का?" दुरुस्तीवालीनं विचारलं. "रंग जाणार नाहीत, आजी. एकेका रंगावर थेंब टाकून बघितलाय."

"रंगांचं नाही हो. धुतल्यावर कळेल ना, सकाळ की संध्याकाळ?"

कळेल बहुतेक, असं ती मुलगी आनंदानं म्हणाली.

"तेच तर. हे गेले, चित्रही इथं आलं, तरी जेवताना रोज एकदा आमचं होतंच. रिकाम्या भिंतीकडे बघून मी आपली भांडते. एकदा ठरून गेलं, की मग काय बोलायचं?"

चिमाताईंनी मान दुसरीकडे फिरवली. हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मग भावजयच म्हणाली, "पण भुगा झाला तर दोघंही हरलो. सोडा पाण्यात."

जाळीवर धरून चित्र पाण्यात उतरलं. आधी काहीच झालं नाही. मग कडांकडून हळूहळू पिवळेपणा सुटायला लागला, कोऱ्या चहासारखा. दुरुस्तीवालीनं पाणी बदललं, पुन्हा बदललं. नदी निळसर झाली. पलीकडच्या तीरावर झाडांची एक ओळ उमटली. ती तिथं आहे हे इतकी वर्षं कुणाला माहीतच नव्हतं. आभाळ उजळत उजळत पार पांढरं झालं, खाली नुसती गुलाबी कड. दिवा त्या उजेडात अगदी फिका पडला.

चिमाताई दुरुस्तीवालीला सांगायला लागल्या. अबोला होता ना. म्हणाल्या, आमच्या लहानपणी हे असंच होतं. वडिलांनी नवीन आणलं तेव्हा दादा स्टुलावर चढून बघत बसायचा, जेवायला हाका माराव्या लागायच्या. मग शेजारच्या चुलीचा धूर आणि हा मेला पुठ्ठा. वहिनी लग्न होऊन आली तोवर पिवळं पडलं होतं.

"म्हणजे हे उगीच अडून बसत नव्हते," भावजय स्वतःशीच म्हणाली.

दुरुस्तीवालीनं पिवळं पाणी मोरीत ओतलं. ते गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. चित्र ओल्यानंच टिपकागदावर निजवलं होतं. दोघी त्याच्याकडे बघत बसल्या.

मग भावजयीकडे न बघता, दादासारखाच हेल काढून, जिंकलेल्या बाजूच्या चिमाताईंनी चित्राला सांगितलं, "सकाळ आहे."

भावजयीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पांढऱ्या आभाळाखाली ती बाई कपाळाशी हात धरून तशीच उभी होती.

"संध्याकाळ," ती म्हणाली.